कुत्रा चावला? केसपेपर नीट लिहून घ्या

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. पट्टी बांधण्याआधी दातांच्या खुणा दिसतील असे फोटो काढा आणि थेट सिव्हिल गाठा. केसपेपरवर नुसतं ‘कुत्रा चावला’ एवढ्यावर भागवू नका. तारीख, वेळ, जागा, जखम किती खोल, कुत्रा कुणाचा की मोकाट, हे डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. पुढे भरपाई मागताना हाच कागद कामी येतो. लसीचा एकही डोस चुकवू नका; जिवाला धोका आहेच, शिवाय समोरचा ‘हयगय तुमचीच’ म्हणायला मोकळा.

पाळीव कुत्रा असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 291 त्यासाठीच आहे. मोकाट असेल तर महापालिकेत अर्ज. दोन्हीकडे शिक्क्याची पोच घ्याच.

यंत्रमागावर राबणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची बुडालेली मजुरी भरपाईच्या हिशेबात धरलीच जात नाही, हे फार खटकतं. कारखान्यातून खाड्यांचं लेखी घ्या. आणि कुत्र्याचा मालक ‘पाचशे घ्या, मिटवून टाका’ म्हणाला, तरी उपचार संपेपर्यंत कशावरही सही करू नका.