टेक्नो-इलेक्ट्रोची जोडी: क्लॉक एकाकडे, बेसही एकाकडेच

दोघांनी मिळून टेक्नो आणि इलेक्ट्रो या यंत्रांवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचा अल्बम करायचा असेल, तर पहिली धून सुचण्याआधीच वाटणी करून टाका. क्लॉक (सगळ्या यंत्रांना टेम्पो देणारा सिग्नल) कोणाकडे आणि किक-बेस (सर्वांत खालचा ड्रम आणि खालचे सूर) कोणाकडे, हे ठरलेलं असावं. यात दोघांनी हात घातला की तासन्‌तास नुसती नॉब फिरवाफिरवी होते.

ड्रम मशीन मास्टर ठेवा, म्हणजे क्लॉक तेच देईल. त्याच्या मिडी (वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची पद्धत) आउटमधून केबल दुसऱ्याच्या सिंथच्या मिडी इनमध्ये लावा आणि सिंथचं सिंक ‘एक्स्टर्नल’वर करा. हे राहून गेलं तर दोन्ही यंत्रं सुरुवातीला जुळल्यासारखी वाटतात, मग हळूहळू लय फाटत जाते. मिडी क्लॉक एका बीटला २४ ठोके पाठवतो. यूएसबी आणि मिडी केबल अशा दोन वाटांनी क्लॉक आला, तर टेम्पो दुप्पट होतो किंवा उड्या मारतो. एक वाट बंद करा. कॉर्ग व्होल्का या छोट्या यंत्रांच्या सिंक जॅकला मात्र बीटला २च ठोके लागतात, त्यामुळे २४ ठोक्यांचा सिंक त्यात थेट जोडून चालत नाही.

आता ठेका. १३० बीपीएम (मिनिटाला १३० बीट), १६ स्टेपचा बार, म्हणजे एका बीटला ४ स्टेप. टेक्नोत किक १, ५, ९, १३ वर, सरळ. इलेक्ट्रोत स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर ठेवा, किक १, ७, ११ वर. ९ रिकामी सोडायची, खरी गंमत तिथेच आहे. तिथे सवयीने किक पडली की इलेक्ट्रोची लचक गेलीच. (डेट्रॉइटची ड्रेक्सिया ही जोडी ऐकताना किक कुठे पडत नाही, ते मोजून बघा.) त्या ९ वर बेस टाका, शिवाय ३ आणि १४ वर.

या वेगात एक स्टेप साधारण ११५ मिलिसेकंदांची, म्हणजे ७ ते ११ मध्ये ४६० मिलिसेकंद मिळतात. किकची शेपटी त्याआधी संपेल इतका डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा, नाहीतर ११ वरची किक आधीच्या गुरगुरीत बुडते. ९ वरच्या बेसला मोकळी जागा हवी असेल तर शेपटी २३० मिलिसेकंदांतच आवरा.

सूरही तपासा. किक ५५ हर्ट्झवर आणि बेस ४९ वर, म्हणजे ए आणि जी, एकत्र वाजले तर सेकंदाला ६ हेलकावे येतात. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) लावून ते जात नाहीत. किक सँपल (रेकॉर्ड केलेला आवाज) असेल तर ती ट्यून करा. १९८० च्या मूळ टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकला ट्यूनचा नॉबच नाही, फक्त लेव्हल, टोन आणि डिके. तिथे गाण्याची पट्टीच किककडे बघून ठरवा.

रेकॉर्डिंगला प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पीक (आवाजाची सर्वांत वरची पातळी) उणे ६ डीबीच्या आसपास, आणि १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरांत सारखंच). त्याआधी दोन्ही यंत्रांवर फक्त १ल्या स्टेपला एक कोरडा टिक वाजवून रेकॉर्ड करा, वेव्हफॉर्म झूम करा आणि दोन टोकांमधलं अंतर मोजा. ते १० मिलिसेकंद निघालं तर कानाला ठेका चुकल्यासारखा वाटेलच असं नाही. पण ५० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा बरोबर तेवढाच असतो, म्हणून दोन यंत्रांवरचे खालचे सूर एकाच वेळी वाजले की एकमेकांना खातात. उशिरा वाजणारा ट्रॅक तेवढाच आधी, म्हणजे डावीकडे सरकवा, आणि केबल किंवा बफर साइज (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे देतो ती सेटिंग) बदलली की पुन्हा मोजा.