मलावी मालवणात नाही: मुलांना घरी जगाचा भूगोल कसा शिकवावा

नोव्हेंबरात आमच्या गाळ्यावर मलावी हापूसच्या पेट्या उतरल्या की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मालवणचा का हो हा?" वाशीच्या फळ बाजारात परदेशी फळांच्या गाळ्यावर मी अठरा वर्षं हिशेब लिहिते आहे. विचारणारी माणसं चांगली शिकलेली असतात. गेल्या वर्षी एक गृहस्थ पेटी गाडीत ठेवून परत आले. म्हणाले, "मलावी आफ्रिकेत आहे म्हणालात, मग तिथे आत्ता आंबा कसा? आंबा तर मे महिन्यात येतो."

मला तो दुसरा प्रश्न फार आवडला. पहिल्या प्रश्नात फक्त एक नाव माहीत नव्हतं. दुसरा खरा भूगोलाचा होता, आणि त्याचं उत्तर एकदा समजलं की मलावी कुठे आहे हे पाठ करावं लागत नाही.

लोकांना जग माहीत नसतं याचं कारण मला तरी हेच दिसतं. शाळेत नावं आधी येतात, कारण मागून येतं, कधी कधी येतच नाही. दहावीला भूगोल 40 गुणांचा, भरा नकाशा, द्या खुणा. त्यानंतर बहुतेकांचा भूगोल कायमचा सुटतो. माझ्या भाचीला ब्राझीलच्या वर्षावनांवर दोन पानं लिहिता यायची, कारण दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. पण इथून ब्राझीलला जायला कुठला महासागर ओलांडायचा, हे तिला सांगता येईना. ब्राझील तिच्या डोक्यात पानावरच्या एका सुट्या तुकड्यासारखा होता, पृथ्वीवर नव्हता.

म्हणून कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना मी रविवारी जे शिकवते, ते इथे लिहिते आहे. सामान म्हणजे एक पृथ्वीगोल, दोरा, वही आणि पाण्याची बाटली. पृथ्वीगोल लहान असला तरी चालेल, पण त्यावर अक्षांश-रेखांशाच्या रेषा स्पष्ट हव्यात. मी ठाण्याला स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणला.

सुरुवात गच्चीवर करा. मेच्या मध्यावर, 15-16 तारखेच्या आसपास, सरळ उभी बाटली उन्हात ठेवा आणि बारापासून तिच्या सावलीकडे बघत बसा. मुलांना वाटतं, बाराला सावली नाहीशी होईल. होत नाही. ती 12:35च्या सुमारास बाटलीच्या बुडाखाली शिरते. इथे घाई करू नका, त्यांना विचारू द्या. आपलं घड्याळ 82½ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपण 73 अंशांवर. फरक साडेनऊ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण 38 मिनिटं. वर्षभरात त्यात काही मिनिटं इकडेतिकडे होतात. ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्या बापाचा एक मुलगा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे बाबांचे अमेरिकेतले लोक आत्ता झोपलेत ते याच्यामुळेच?" हो, याच्यामुळेच. पंधरा अंशांना एक तास.

आता पृथ्वीगोलावर आपला 19 अंश उत्तर शोधा. मेमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर, मग तो पुढे कुठे जातो? जूनमध्ये कर्कवृत्तापर्यंत वर, मग परत खाली, सप्टेंबरात विषुववृत्त ओलांडून दक्षिणेत. मलावी साधारण 9 ते 17 अंश दक्षिणेला पसरलेला आहे. तिथे सूर्य डोक्यावर येतो ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात या दिवसांत. आपला मे तो त्यांचा नोव्हेंबर. त्यांचा उन्हाळा तेव्हा, म्हणून आंबाही तेव्हा. त्या गृहस्थांना मी हे संत्रं आणि पेन हातात घेऊन दाखवलं होतं. त्यांनी ते पेन माझ्याकडून मागून घेतलं, घरी मुलीला दाखवायचं म्हणून.

मे हुकला तरी अडत नाही. महिन्यातून एकदा दुपारची सर्वांत लहान सावली मोजून वहीत लिहा. डिसेंबरपर्यंत ती कशी लांबत जाते ते मुलं स्वतःच सांगतील.

दुसरं काम वहीचं. घरात येणाऱ्या प्रत्येक परदेशी फळाचं स्टिकर चिकटवायचं, खाली महिना आणि देश लिहायचा. सुटं फळ असेल तर पेटीवर देशाचं नाव छापलेलं असतं, दुकानदाराला विचारा. वर्षभर हे टिकवलं की बाजाराची आवक मुलांच्या वहीत उतरते. हिवाळ्यात सफरचंदं इटली, पोलंड, अमेरिकेतून, आणि एप्रिल-मेनंतर चिली, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेतून. किवीचंही तसंच, जूनमध्ये न्यूझीलंड तर जानेवारीत ग्रीस किंवा इटली. दोन रंगांच्या पेनांनी विषुववृत्ताच्या वरचे आणि खालचे देश वेगळे लिहायला सांगा. कारण तुम्ही सांगायचं नाही. आमच्या सातवीतल्या एका मुलीने ते ऑगस्टमध्ये स्वतः शोधलं.

स्टिकरवरचा देश कळला की दोरा घ्या आणि तिथून न्हावा शेवापर्यंत समुद्रातून रस्ता लावा. इटलीहून येताना दोरा सुएझ कालव्यातून, तांबड्या समुद्रातून जातो. 2023च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून येऊ लागली. आमचे कंटेनर दोन-दोन आठवडे उशिरा यायचे. तोच दोरा आफ्रिकेभोवती फिरवा. मुलं ओरडतात, दोरा पुरत नाही. बातमी समजायला याहून जास्त काही लागत नाही.

भिंतीवरच्या नकाशाबद्दल मात्र सावध राहा. नेहमी दिसणारा मर्केटरचा नकाशा 1569चा, दर्यावर्दींना दिशा नीट मिळावी म्हणून केलेला. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. त्या नकाशावर वाढलेल्या माणसाला आफ्रिका छोटी वाटली तर त्यात त्याचा दोष नाही, पण मुलांना पृथ्वीगोलच आधी द्या.

राजधान्या पाठ करून घेऊ नका, अगदी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायलाही नको.

त्याऐवजी हा खेळ खेळा. डोळे उघडे ठेवून 19 अंश उत्तरेच्या रेषेवर बोट ठेवा आणि नवी मुंबईहून पश्चिमेला निघा. अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, मग अटलांटिक, डोमिनिकन रिपब्लिक, हैती, आणि मेक्सिको. मेक्सिको सिटी जवळपास आपल्याच रेषेवर आहे, तरी तिथे जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो. का, ते मुलांनाच विचारा. आमच्याकडे तीन रविवार उत्तर आलं नाही. चौथ्या रविवारी माथेरानला जाऊन आलेला एक मुलगा म्हणाला, "मावशी, ते डोंगरावर असेल." माथेरान आठशे मीटर, मेक्सिको सिटी सुमारे 2,240 मीटर. त्याने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि रेषेवरून बोट पुढे प्रशांत महासागरात नेलं.