वाइड अँगल झूम लेन्स: मॉडेल ठरवा, पण नग तपासूनच घ्या

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी वाइड अँगल झूम, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी आणि ती रुंदी कमी-जास्त करता येणारी लेन्स, कशी निवडावी याविषयीचे बहुतेक सल्ले मॉडेलच्या नावापाशी संपतात. वास्तविक एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतीलच असे नाही, आणि वाइड अँगल लेन्समध्ये हा फरक चटकन उघडा पडतो. म्हणून मॉडेलचा प्रश्न येथे थोडक्यात उरकून भर नगाच्या तपासणीवर दिला आहे.

प्रथम फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरील मिमीचा आकडा, ठरवावी; तो जितका लहान, तितके दृश्य रुंद. फुल फ्रेम सेन्सरवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) कर्णाच्या दिशेने मोजलेला दृश्यकोन २४ मिमीला ८४ अंश, १६ मिमीला १०७ अंश आणि १४ मिमीला ११४ अंश असतो. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरचा) कॅमेरा असल्यास लेन्सवरील आकडा दीडने, कॅननच्या बाबतीत १.६ने, गुणून मग तुलना करावी. १६ आणि १४ यांच्यामधील सात अंश लहान खोल्यांच्या आणि रात्रीच्या आकाशाच्या फोटोंसाठी मोलाचे आहेत. सह्याद्रीतील कडे आणि दऱ्या टिपणाऱ्याला मात्र १६ मिमी पुरते, कारण त्याहून रुंद गेल्यास समोरचा डोंगर टेकडीएवढा दिसू लागतो आणि निम्मी चौकट रिकाम्या जमिनीने भरते.

अ‍ॅपर्चरबाबत, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या लेन्सच्या छिद्राबाबत, माझे मत ठाम आहे: तारे किंवा मंद प्रकाशातले समारंभ हा आपला विषय नसेल, तर एफ/२.८चा हट्ट सोडावा (एफ/नंतरचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). सोनीची १६-३५ एफ/४ पॉवर झूम ३५३ ग्रॅमची आहे, तर १६-३५ एफ/२.८ची दुसरी आवृत्ती ५४७ ग्रॅमची. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. निकॉनच्या १४-३० एफ/४वर ८२ मिमीचा साधा फिल्टर बसतो, पण १४-२४ एफ/२.८साठी खास हुडवर ११२ मिमीचा फिल्टर चढवावा लागतो. फुलांना जवळून टिपून मागे पठार दाखवायचे असेल, तर किमान फोकस अंतरही पाहावे. टॅमरॉनची १७-२८ रुंद टोकाला १९ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते.

आता नगाची तपासणी, जी मला स्वतःला जमायला बराच वेळ लागला. विटांच्या भिंतीचा फोटो काढून कोपरे पाहा, हा सर्वत्र मिळणारा सल्ला निरुपयोगी आहे. कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर नसेल तर भिंतीची एक बाजू लेन्सच्या जवळ आणि दुसरी दूर जाते, आणि मग दिसणारा धूसरपणा लेन्सचा की मांडणीचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

त्याऐवजी किमान दोनशे मीटर दूर असलेला जाळीदार मोबाइल टॉवर निवडावा आणि उन्हाने हवा थरथरू लागण्यापूर्वी, सकाळीच काम आटोपावे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद करावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि एक्स्पोजर (फोटोत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) हाताने बांधून टाकावे. टॉवर चौकटीच्या मध्यभागी आणून, दृश्य मोठे करून, हाताने फोकस करावा आणि त्यानंतर फोकस रिंगला स्पर्शही करू नये. बऱ्याच मिररलेस लेन्समध्ये ही रिंग केवळ मोटरला आज्ञा देते; कॅमेरा बंद झाला किंवा झोपी गेला की फोकसची जागा हलू शकते, आणि हे लक्षात न आल्यास सगळी चाचणी वाया जाते.

मध्यभागी एक फोटो घेतल्यावर कॅमेरा वळवून तोच टॉवर क्रमाने चारही कोपऱ्यांत आणावा, आणि शेवटी पुन्हा मध्यभागी आणून फोकस सरकला नसल्याची खात्री करावी. हाच क्रम झूमच्या मधल्या आणि लांब टोकाला, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून, पुन्हा करावा. रुंद टोकाला निर्दोष असलेला नग लांब टोकाला लंगडा निघू शकतो.

फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात पाहताना कोपऱ्यांची तुलना मध्यभागाशी मुळीच करू नये. ती एकमेकांशी करावी. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या मॉडेलच्या रचनेची मर्यादा आहे आणि नग बदलून ती जाणार नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू स्पष्टपणे मऊ असेल, तर काचांची मांडणी केंद्रापासून ढळलेली आहे. ज्याला डिसेंटरिंग म्हणतात ते हेच. दोष कॅमेऱ्याच्या माउंटचा (लेन्स जोडण्याच्या कड्याचा) नाही ना, हे त्याच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावून पडताळावे.

पूर्णपणे सममित झूम शोधत बसण्यात अर्थ नाही. माझी कसोटी अशी की निसर्गचित्रणासाठी घेतलेल्या लेन्समधील फरक एफ/८लाही टिकून राहिला, तर नग परत करावा. आकाशासाठी घेतलेली लेन्स मात्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाच कसोटीला उतरली पाहिजे. नवा नग दुरुस्तीला देण्याच्या फंदात न पडता मुदतीत बदलूनच घ्यावा, आणि म्हणून परतीच्या अटी पैसे देण्यापूर्वी वाचाव्यात. जुनी लेन्स घेताना ही सोय नसते. तेथे स्वतःचा कॅमेरा व लॅपटॉप घेऊन जावे, आणि विक्रेता तपासणीला अर्धा तास द्यायला तयार नसेल तर व्यवहार करू नये.