शेवटच्या सत्राचा अभ्यास: या चुका टाळा

शेवटचं सत्र सुरू झालं की सहावी ते आठवीच्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते: नवीन धडा डोक्यावरून जातोय. पण दोष बहुतेक वेळा नव्या धड्याचा नसतो. समीकरणं, शेकडेवारी, क्षेत्रफळ-घनफळ हे सगळं आधीच्या धड्यांवर उभं असतं. घोडं अडतं इथे, पाणी मुरत असतं मागे कुठेतरी.

आणि तरीही, समीकरण सुटत नाही म्हटल्यावर आपण आणखी वीस समीकरणं सोडवायला बसवतो. ही पहिली चूक. त्यापेक्षा वही नीट बघा. ७ − २(क्ष − ३) = १ या उदाहरणात पुढची ओळ बऱ्याचदा ७ − २क्ष − ६ = १ अशी सापडते. मग क्ष शून्य येतो आणि मूल खूश. पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक आहेत. फसलं ते फक्त उणे दोन गुणिले उणे तीन. म्हणजे उजळणी हवी ती समीकरणांची नाही, पूर्णांकांच्या गुणाकाराची. अधिक सहा लिहिलं की १३ − २क्ष = १, आणि क्ष = ६. ताळा करायची सवय असती तर क्षच्या जागी शून्य घालून डावी बाजू १३ येते हे तिथेच दिसलं असतं. ताळा म्हणजे वेळेचा अपव्यय असं मुलांना का वाटतं कोण जाणे. अर्ध्या मिनिटाचं तर काम!

शेकडेवारीत एकच प्रश्न विचारत राहा: कशाचे टक्के? १०० मध्ये २० टक्के वाढ, मग २० टक्के घट. उत्तर ९६ येतं, १०० नाही, कारण दुसऱ्या वेळचे टक्के १२० चे असतात.

विज्ञानात पाठांतर चटकन उघडं पडतं ते ऋतूंच्या धड्यात. पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा बाजूने पाहिल्यासारखी, चांगलीच लांबट काढलेली असते. त्यावरून मूल ठरवून टाकतं की पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. जुलैत अंतर १५.२ कोटींच्या आसपास जातं. ऋतू होतात ते सुमारे २३.५ अंशांनी कललेल्या आसामुळे. मधोमध दिवा ठेवून, आस म्हणून तिरकी काडी खोचलेला चेंडू त्याच्याभोवती फिरवून दाखवा, मात्र आसाचं टोक पूर्ण फेरीभर एकाच भिंतीकडे राहू द्या. बरेच जण फिरवता फिरवता ते दिव्याकडे वळवतात, आणि प्रयोग नेमका उलटं शिकवून जातो. चंद्राच्या कलांचंही तसंच: पृथ्वीची सावली पडते ती ग्रहणात, रोजच्या कलांशी तिचा संबंध नाही.

इतिहासात सनावळ्या पाठ आणि कारणं कोरी, हा जुनाच रोग. दोन घटनांमध्ये 'म्हणून' घालून वाक्य करता आलं, तर धडा समजला.

उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणं, ही समजूत तर घरोघरी. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा गैरसमज होतो. पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय राहिलं ते बघायचं. मुलांना हे आवडत नाही, कारण काय येत नाही ते लगेच कळतं.

दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरुवात करणं हीदेखील चूकच. पहिले तीन धडे तोंडपाठ होतात, शेवटच्यांपर्यंत पोचेतो दम संपतो. अधूनमधून उलट्या क्रमाने या.

गणितात आणखी एक गोची असते. 'क्षेत्रफळ' या मथळ्याखालचा स्वाध्याय सोडवताना कुठलं सूत्र वापरायचं ते मथळाच सांगतो. परीक्षेत मथळा नसतो. निरनिराळ्या धड्यांतली दहा-बारा उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळा. पहिल्या फेरीत चिठ्ठी उचलून नुसतं कुठल्या धड्यातलं आणि कशावरून ते सांगायचं. पेन्सिल दुसऱ्या फेरीत.