ॲम्प बसवलाय? मग बॅटरीचा हिशोब असा करा

मी परभणीत गाड्यांचं वायरिंग करतो. गाण्यांचा आवाज वाढवायला ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवला की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "आता मोठी बॅटरी टाका." थांबा, आधी हिशोब करू.

डब्यावरचा मॅक्स वॅटचा आकडा सोडा, आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद, बघा. समजा 600 वॅट आरएमएसचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) ॲम्प आहे. तो साधारण 80 टक्के कार्यक्षम, म्हणजे पूर्ण आवाजाला 750 वॅट ओढणार. 13.8 व्होल्टनं भागा, झाले 54 अँपिअर. इंजिन चालू असताना हा करंट मुख्यतः अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रानं, पुरवायचा असतो. हे विसरून मी स्वतःच्या गाडीत 35 एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) जागी 65 एएचची बॅटरी टाकली होती. रात्री बेसचा ठोका पडला की हेडलाइट तसेच मिणमिणायचे. मीटर लावला, तर प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज 14.1 वरून 12.3 वर येत होतं. अल्टरनेटरच कमी पडत होता. म्हणून आधी मीटर लावा, मग पैसे काढा.

बांधावर गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून गाणी ऐकणार असाल तर मात्र एएच वाढवा. जमलं तर एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी बंद बॅटरी) घ्या. साधी बॅटरी सारखी उतरली की लवकर मरते. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊनही तिला खातं. साध्या बॅटरीत पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

घेताना उत्पादनाची तारीख, ट्रेचं माप आणि प्लस टर्मिनलची बाजू तपासा. मेन फ्यूज बॅटरीपासून फुटाभराच्या आत हवा.