साबुकंदाला युरिया जपून, पालाश विसरू नका

नागपूरच्या काळ्या मातीत साबुकंद, म्हणजे ज्यापासून साबुदाणा बनतो तो कसावा, लावणार असाल तर आधी माती परीक्षण करून घ्या. कधी कधी या पिकाची झाडं हिरवीगार, डोक्याएवढी वाढतात आणि खाली कंद मात्र बोटाएवढे निघतात. बहुतेकदा कारण नत्राचा, म्हणजे युरियातल्या नायट्रोजनचा, मारा हेच असतं. जास्त नत्राने पाला माजतो, शिवाय कंदातला कडवट, विषारी सायनाइडचा अंशही वाढतो. कंदात पिठूळपणा भरतो तो पालाशमुळे, म्हणजे पोटॅशमुळे.

तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी साडेबारा टन शेणखत आणि नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश १००:५०:१०० किलो अशी आहे. ९० सेंटीमीटर अंतरावरच्या एका झाडामागे हिशोब साधारण एक किलो शेणखत, १८ ग्रॅम युरिया, २५ ग्रॅम सुपर फॉस्फेट, १४ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. स्फुरद सगळं लागवडीलाच. युरिया आणि पोटॅश निम्मं तेव्हा, निम्मं दीड-दोन महिन्यांनी मातीची भर देताना. आपल्या जमिनीत पालाश मुळात बऱ्यापैकी असतो, म्हणून अहवाल बघूनच पोटॅश कमी करा.

चुनखडीच्या रानात जस्त कमी पडतं. कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे दिसले की समजा. लागवडीआधी बेणं, म्हणजे लावायचे खोडाचे तुकडे, २ ते ४ टक्के झिंक सल्फेटच्या द्रावणात १५ मिनिटं बुडवावं.

आणि वरंब्यावरच लावा. पावसाळ्यात पाणी साचलं तर कंद सडतात, मग खत कितीही घाला.