हेडलेस बास घेताय? तारा, ब्रिज आणि खाऱ्या हवेच्या या चुका टाळा

हेडलेस बास, म्हणजे खुंट्यांचं डोकं नसलेली बास गिटार, आपल्या कोकणात एकदम सोयीचा पडतो, हे आधीच सांगतो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेच ३४ इंचाचं, पण पुढे डोकं नसल्यामुळे लांबी निदान अर्धा फूट कमी होते, एसटीच्या गर्दीत किंवा तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात मांडीवर उभा धरून नेता येतो, आणि दोन-तीन तासांच्या ऑर्केस्ट्राला उभं राहून वाजवताना नेक (दांडा) खाली जात नाही म्हणून डावा खांदा भरून येत नाही. मला स्वतःला दुसरा बास हातात धरवत नाही आता.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. साध्या बासला तार जरा लांब असली तर खुंटीला एक वेढा जास्त मारायचा, विषय संपला. हेडलेसला खुंटीच नाही, ट्यूनिंग मागे, बॉडीवर तारा अडकतात त्या ब्रिजच्या नॉबवर होतं आणि त्या नॉबला फिरायला जागा थोडीशीच असते. म्हणजे तार कुठली, तिची टोकं कशी, लांबी किती, यावर सगळं अवलंबून. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

बास आधी आणि तारा नंतर बघणं

नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमारास एल-२ बास आणला तो डबल बॉल तारांवर चालायचा, म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना बॉल, एक पुढे अडकवायचा, एक मागे, कापाकापी नाही, मिनिटात तार बदलून मोकळे. स्टाइनबर्गरचेच स्पिरिट किंवा जुने होनर बी-२ सेकंडहँड मिळतात तेही याच जातीचे. सिस्टीम झकास आहे, पण गणपतीच्या आदल्या दिवशी तार तुटली आणि तुम्ही देवगडला किंवा गुहागरला असाल तर डबल बॉल तार शेजारच्या दुकानात मिळेल ही आशा सोडा. डाडारिओचा ईएसएक्सएल १७० हा ४५ ते १०० जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) डबल बॉल सेट आहे, तो ऑनलाइन मागवून एक जादा सेट कायम घरात ठेवायचा, नाहीतर पुढे साधी तार पकडणारा अडॅप्टर बसवून घ्यायचा.

डबल बॉलमध्ये स्केल चुकलं तर काहीच करता येत नाही. तार लांब निघाली तर नॉब संपेपर्यंत आवळूनही सूर वर चढत नाही, आखूड निघाली तर मागे पोचतच नाही. ऑर्डर करताना ३४ इंच आहे का, हे दोनदा वाचा.

नवीन बासांपैकी बरेचसे, उदाहरणार्थ २०२० मध्ये आलेली आयबानेझची ईएचबी सिरीज, साध्या एका बॉलच्या तारांवर चालतात, पुढे ॲलन कीच्या (षटकोनी चावीच्या) स्क्रूने तार दाबली जाते. किनाऱ्यावरच्या नव्या माणसाला मी हाच प्रकार सुचवेन, कारण तार रत्नागिरीत नाही मिळाली तर निदान कोल्हापूरला मिळेल.

तार आधी कापणं

या साध्या तारा बसवताना सगळ्यात जास्त वाट लागते, म्हणून हे नीट वाचा. आधी ब्रिजचा नॉब बराचसा सैल करा, म्हणजे पुढे आवळायला जागा राहील. बॉल मागे बसवा, तार सॅडलवरून (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) पुढच्या भोकात घाला, पक्कडीने ताणून सगळी ढिलाई काढा आणि ताण न सोडता स्क्रू आवळा. टोकाला रेशमी गुंडाळी असेल आणि स्क्रू नेमका तिच्यावर येत असेल तर तेवढा भाग सोलून काढा, नाहीतर तार हळूहळू सरकते आणि माणूस ट्यूनरला शिव्या घालत बसतो. मग सुरात आणा, थोडा वेळ वाजवा, पुन्हा सुरात आणा. एवढं झाल्यावर स्क्रूच्या पुढे तार काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापली तर वरचं वेष्टण आतल्या गाभ्यावर सैल पडू शकतं, गोल गाभ्याच्या तारांना तर हमखास, आणि नवी कोरी तार ठप्प वाजायला लागते. स्क्रू आवळताना दोन बोटांचा जोर पुरे, ॲलन कीला पाइप लावून आवळणारे लोक आहेत, त्यांचे आटे जातात.

जाडीचं म्हणाल तर ३४ इंचावर १०५ ची ई तार साधारण ४० पाउंड ताण देते. तीच तार ३० इंची शॉर्ट स्केलवर लावली तर ताण जवळपास २२ टक्क्यांनी कमी होतो, म्हणून शॉर्ट स्केलवर ४० चा हलका सेट टाकून फडफड होते अशी तक्रार करू नका, जाड सेट घ्या. पाच तारांच्या बासला १३० ची बी घेताना ती पुढच्या भोकात शिरते का, ते आधी बघा.

खोबरेल तेल

आपल्याकडे घरात पहिलं हाताला लागतं ते खोबरेल, आणि नॉब जड झाला की तेच सोडतात. नका सोडू. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, थंडीत सकाळी आट्यांमध्ये गोठतं, वर धूळ धरतं आणि पुढे चिकट मळ होतो. शिलाई मशीनचं तेल घ्या, टूथपिकच्या टोकाने एक थेंब आट्यावर, नॉब पूर्ण पुढेमागे फिरवा, जास्तीचं पुसा. हेडलेस ब्रिजमध्ये बारीक स्क्रू खूप असतात, खारी हवा आणि हाताचा घाम दोन्ही तिथेच जाऊन बसतात, आणि सॅडलचा स्क्रू एकदा गंजून धरला की ॲलन कीचं भोकच गोल होतं. वाजवून झालं की तारांबरोबर ब्रिजही सुती कापडाने पुसायचा. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि ओलावल्या की बदलायच्या, बंद बॅगेत बुरशी चढायला वेळ लागत नाही.

तारांमध्ये इकडे कोटेड किंवा स्टेनलेस स्टील टिकतात, साध्या निकेलच्या लवकर काळवंडतात. पण स्टेनलेस नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, खाते, आणि त्यातून पुढची चूक होते.

प्रत्येक बझला (तारेच्या खरखरीला) ट्रस रॉड फिरवणं

जून लागला, हवा ओली झाली की लाकडी नेक हलते हे खरं, आणि तिचा वाक आतल्या ट्रस रॉड नावाच्या सळईने नीट करतात. (स्टाइनबर्गरचे मूळ बास कार्बन-ग्राफाइटचे होते, त्यांना हा त्रास नव्हता, स्पिरिटची नेक मात्र मेपलची.) पण बऱ्याच हेडलेसना झिरो फ्रेट, म्हणजे पहिल्या फ्रेटच्याही आधीची एक जादा फ्रेट, असते आणि मोकळ्या तारा कायम तिच्यावरच टेकलेल्या असतात, त्यामुळे ती लवकर झिजते. पहिल्या फ्रेटला तार दाबून वाजवा. दाबल्यावर स्वच्छ आणि मोकळी वाजवली की पहिल्या फ्रेटपाशी खरखर, तर संशय झिरो फ्रेटवर घ्या, उजेडात तिच्यावर तारेने पडलेली खाच दिसते. ती बदलून घ्यावी लागते. ट्रस रॉड कितीही फिरवा, खाच भरणार नाही. खरखर वरच्या सगळ्या फ्रेटवर असेल तर आधी नेक कुठल्या बाजूला गेलीय ते तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून मधली फट बघून ठरवा, मग पाव फेरी, त्याहून जास्त एका वेळी नाही.

मॉडिफाय करताना

साध्या बासचं डोकं कापून हेडलेस करायचं खूळ बऱ्याच जणांना असतं. ट्रस रॉडचा नट डोक्याच्या बाजूला असेल तर विचारच सोडा, आणि नसला तरी मागचा ब्रिज लांब असतो, बॉडीत तेवढी जागा मोजल्याशिवाय करवतीला हात लावू नका.

प्रत्येक तारेचा सुटा ब्रिज बसवत असाल आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारे, असतील तर अर्थची वायर एकाच तुकड्याला जोडून भागत नाही. चारही तुकडे एकमेकांना जोडले गेले पाहिजेत, खालून तांब्याची पट्टी टाकली की काम होतं. नाहीतर एका तारेला हात लावला की घरघर थांबते आणि दुसरीला लावला की चालूच. ईएमजी कंपनीच्या बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह पिकअपला उलट आहे, तिथे ब्रिजला अर्थ जोडायचीच नाही असं कंपनीच सांगते. जत्रेत जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कारण मंडपातलं अर्थिंग भरवशाचं नसतं आणि अर्थ जोडलेल्या तारा थेट तुमच्या हातात असतात. प्लग लावल्यावर तारांना आधी टेस्टर लावून बघा, दिवा लागला तर साउंडवाल्याला बोलवा, तोवर वाजवायचं नाही.